झटपट वाळणारा रंग, सावकाश होणारी विद्या

आपल्या सुशिक्षित घरांतून चित्रकलेस एक ठराविक स्थान मिळालेलें आहे. मूल शाळेंत असतांना तें शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांस बसतें. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व अक्षरलेखन यांचा सराव कांहीं महिने मोठ्या उत्साहानें चालतो. श्रेणी हातीं आली कीं प्रमाणपत्र कपाटांत जातें आणि रंगपेटी माळ्यावर. पुढें गणित व विज्ञान यांचें राज्य सुरू होतें. पेटीवर किंवा तबल्यावर बसणाऱ्या मुलाकडून रोजच्या रियाजाची अपेक्षा करणारे वडील चित्र काढणाऱ्या मुलास मात्र “अभ्यास झाला असेल तर बैस” एवढेंच सांगतात. गायनास आपण विद्या मानलें, चित्रकलेस हौस मानलें. आणि हौस ही सवडीची गोष्ट असल्यामुळें सवड सरली कीं तीही सरते.

या जुन्या समजुतीस ॲक्रिलिक रंगानें नवें बळ दिलें आहे. हा रंग पाण्यांत कालवितां येतो. त्यास टर्पेंटाइनचा उग्र वास नाहीं. पातळ थर अर्ध्या तासाच्या आंतच वाळतो. आणि एखादी जागा बिघडली तर तिच्यावरून सरळ दुसरा हात देतां येतो. मग असल्या सोप्या रंगासाठीं महाविद्यालयांत जाऊन महिनोन्‌महिने शिकावयाचें तें काय? पेटी आणावी, पडद्यावर कोणी करून दाखवितो तें पाहावें आणि दिवेलागणीपर्यंत दिवाणखान्यांत टांगण्याजोगें चित्र तयार करावें, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. रंग जितका लवकर वाळणारा, तितकी पाहण्याची व ठरविण्याची तयारी कुंचला उचलण्याच्या आधीं झालेली असावी लागते. आणि ही तयारी चित्रशाळेच्या शिस्तीवांचून क्वचितच अंगीं येते.

प्रथम या रंगाचें कुलवृत्त थोडक्यांत पाहूं. तैलरंगांची परंपरा कित्येक शतकांची. ॲक्रिलिक हें विसाव्या शतकाचें अपत्य. जर्मनींत ओटो रोम यानें १९०१ मध्यें ॲक्रिलिक आम्लापासून होणाऱ्या पदार्थांवर आपला प्रबंध लिहिला. पुढें त्या संशोधनांतून कांचेसारखें पारदर्शक प्लॅस्टिक व नाना प्रकारचे लेप निघाले. मेक्सिकोचा भित्तिचित्रकार सिकेइरोस यानें १९३६ मध्यें न्यूयॉर्क येथें एक कार्यशाळा चालवून कारखान्यांतील झटपट वाळणारे रंग चित्रकलेंत आणण्याचे प्रयोग केले. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत चित्रकारांसाठीं पहिले ॲक्रिलिक रंग निघाले, पण ते टर्पेंटाइनमध्यें कालवावे लागत. पाण्यांत कालवितां येणारे रंग तेथेंच १९५५ मध्यें बाजारांत आले आणि ब्रिटनमध्यें १९६३ मध्यें. म्हणजे आजच्या आजोबांचें बालपण आणि या रंगाचें बालपण जवळजवळ एकाच काळांतलें म्हणावयाचें.

या रंगाचा स्वभाव गृहिणींस दुधाच्या उपमेनें चटकन उमजेल. दुधांत स्निग्धांशाचे सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात, म्हणून तें पांढरें दिसतें. ॲक्रिलिक रंगांत कृत्रिम राळेचे अतिसूक्ष्म कण तसेच पाण्यांत तरंगत असतात व त्यांत रंगद्रव्याची पूड मिसळलेली असते. रंग कॅनव्हासवर लागला कीं पाणी उडून जातें, कण एकमेकांस भिडून एकजीव होतात आणि त्यांचा लवचिक, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुन्हां पाण्यांत विरघळत नाहीं. तैलरंगाची रीत निराळी. त्यांतील जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश घट्ट होतें आणि तोंवर चित्रकारास आज लावलेला रंग उद्यांही हलवितां येतो. ॲक्रिलिक अशी मुदत देत नाहीं.

या स्वभावांतून दोन अडचणी उद्भवतात. ओल्या रंगांतील राळ दुधी असल्यामुळें रंग किंचित् फिका दिसतो. वाळल्यावर राळ पारदर्शक होते आणि तोच रंग गडद भासतो. काल लावलेल्या रंगाशीं आज नवा रंग जुळवावयाचा तर डोळ्यांपुढें असलेल्या छटेवर नव्हे, वाळल्यावर होणाऱ्या छटेवर लक्ष ठेवावें लागतें. दुसरी अडचण हवेची. विदर्भाच्या उन्हाळ्यांत रंग पॅलेटवरच कोरडा पडूं लागतो, तर कोंकणांतील श्रावणांत तोच रंग बराच वेळ ओलसर राहतो. म्हणून उन्हाळ्यांत पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारावयाचा, किंवा वाळणें लांबविणारें द्रव्य मोजकें मिसळावयाचें, या गोष्टी विद्यार्थ्यास आपल्या गांवच्या ऋतुमानाप्रमाणें शिकाव्या लागतात.

आतां चित्रशाळेंत प्रत्यक्ष काय चालतें तें पाहूं. चांगल्या पाठक्रमाचा आरंभ रंगानें होतच नाहीं. प्रथम कॅनव्हासला अस्तर द्यावयाचें असतें. ॲक्रिलिक राळेंत चुनखडीची पूड व टायटॅनियमचा पांढरा रंग मिसळून केलेलें हें अस्तर, म्हणजेच गेसो, एकदां आडवें व एकदां उभें लावून वाळवावें लागतें. त्यानंतर एकच तपकिरी रंग आणि पांढरा घेऊन अगदीं काळोखापासून अगदीं उजेडापर्यंत छटांची पायरीपायरीची पट्टी करावयाची. पट्टी दिसावयास क्षुल्लक. पण दोन पायऱ्यांतील अंतर सारखें ठेवतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते. मग पांढऱ्या कापडावर अंडें आणि चिनी मातीची बरणी ठेवून तें सर्व त्याच दोन रंगांत रंगवावयास सांगतात. अंड्याची छायेंतील बाजू उजेडांतल्या कापडापेक्षां कितीतरी काळी असते, हें त्या दिवशीं विद्यार्थ्यास आयुष्यांत प्रथम दिसतें. “पांढरें” हा शब्द त्याच्या डोळ्यांवर इतकीं वर्षें पडदा धरून बसलेला असतो!

यापुढें रंग येतात, पण तेही मोजके. एक तांबडा, एक पिवळा, एक निळा, भाजलेल्या मातीचा एक तपकिरी आणि पांढरा, एवढ्यांवर पुष्कळ आठवडे काढावयाचे. तयार काळा रंग बहुधा मना असतो. अल्ट्रामरीन निळा आणि हा तपकिरी यांच्या मिश्रणांतून जो काळा निघतो, तो अधिक जिवंत असतो आणि वाटेल तसा उष्ण किंवा थंड करतां येतो. मग ईझलपुढें मांडला जातो आपल्या देवघरांतला तांब्याचा तांब्या. नवखा विद्यार्थी तो सबंध तांबूस रंगवितो. शिक्षक त्यास पुन्हां पाहावयास लावतात. तेव्हां कळतें कीं तांब्याच्या पोटावर खिडकीचें निळसर आभाळ आहे, खालच्या कापडाचा पांढरेपणा आहे, शेजारच्या लिंबाची पिवळी झाक आहे, आणि निव्वळ तांबूस म्हणावा असा रंग फारच थोड्या जागीं आहे. आपण नांव रंगवीत होतों, वस्तु रंगवीत नव्हतों, ही जाणीव होणें म्हणजे चित्रकलेची खरी मुंज.

ॲक्रिलिकचा खास गुण यानंतरच्या पाठांत प्रकट होतो. खालचा थर लवकर व पक्का वाळत असल्यामुळें त्यावर पातळ, पारदर्शक रंगाचे थर एकामागून एक चढवितां येतात. खालीं छायाप्रकाशाचें एकरंगी चित्र आणि वर रंगांचे असे थर, ही तैलचित्रकारांची जुनी रीत. तेलांत तिला आठवडे लागत, येथें ती एका दिवसांत पाहतां येते. उलट दोन रंग ओले असतांना एकमेकांत मिसळून मऊ संक्रमण साधणें, जें तेलांत सहज होतें, तें येथें कठीण. त्यासाठीं कुंचल्याच्या बारीक रेघांनीं छटा विणावी लागते. प्रत्येक साधनाची अशी एक देणगी आणि एक अट असते. ती अट ओळखण्यासच हातवळण म्हणतात.

या रंगाचा सर्वांत मोठा मोह म्हणजे झांकण्याची सोय. एखादी जागा साधली नाहीं कीं नवशिका तीवर नवा रंग थापतो, तोही साधला नाहीं कीं पुन्हां थापतो, आणि दहा थरांखालीं मूळची चूक जशीच्या तशी राहते. अनुभवी शिक्षक अशा वेळीं कुंचला खालीं ठेवावयास सांगतात. चूक रंगाची आहे, छटेची आहे, कीं मुळांत रेखनाची आहे, हें ओळखल्यावांचून झांकावयाचें नाहीं. घरांत एकट्यानें शिकणाऱ्यास हा हात धरणारा कोणी नसतो, आणि पडद्यावरचा शिक्षक कितीही कुशल असला तरी त्यास आपलें चित्र दिसत नाहीं.

म्हणूनच आमच्या मतें चित्रशाळेचें सर्वांत मोलाचें दान म्हणजे सामुदायिक परीक्षण. सर्वांचीं चित्रें भिंतीशीं ओळीनें लावतात व सारे दूर उभे राहून पाहतात. वीस जणांनीं एकच तांब्या रंगविलेला असतो आणि वीस निराळे तांब्ये समोर उभे राहतात. नजर प्रथम कोठें जाते? सर्वांत गडद जागा कोठें आहे, आणि ती तेथें कां आहे? अशा प्रश्नांतून चर्चा चालते. चित्राबद्दल बोलतात, चित्रकाराबद्दल नव्हे. आपण केलेली वस्तु परक्या दृष्टीनें पाहण्याचा हा संस्कार वकिलास, वैद्यास, गृहिणीसही उपयोगी पडणारा आहे. घरीं मिळणारी स्तुति प्रेमाची असते, म्हणून गोड लागते. पण तिनें हात सुधारत नाहीं.

सावकाशीच्या महतीस एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारानें कॅलिफोर्नियांत असतांना १९६७ मध्यें ‘अ बिगर स्प्लॅश’ हें मोठें चित्र ॲक्रिलिकमध्यें रंगविलें. तें लंडनच्या टेट संग्रहांत आहे. निळ्या तलावांत कोणी नुकतीच उडी घेतली आहे आणि पाणी उसळलें आहे, एवढाच विषय. प्रत्यक्षांत दोन सेकंदांत विरणारें तें उसळलेलें पाणी रंगविण्यास हॉकनीला सुमारें दोन आठवडे लागले. रंग मिनिटांत वाळणारा. दृष्टि मात्र पंधरवडाभर एका जागीं स्थिर!

महाराष्ट्रास हें शिक्षण परकें नाहीं. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालची. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) तेथेंच शिकले व तेथेंच शिकवूं लागले. त्यांच्या कन्या अंबिका यांनींही त्याच शाळेंत चित्रकलेचें शिक्षण घेतलें. ज्या घरांत वडिलांनीं कलेस विद्या मानलें, तेथें ती मुलीसही विद्या म्हणूनच मिळाली, हें यांतून ध्यानांत घ्यावें. पदवीचा पाठक्रम चार वर्षांचा आहे, आणि पदवी मिळाली म्हणजे निश्चित वेतन मिळेल असें वचन ती देत नाहीं. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. उपयोजित कला, अध्यापन, चलच्चित्रें अशा वाटांनीं पुष्कळ जण चरितार्थ चालवितात. परंतु पदवी न घेतांही अल्पमुदतीचे वा सायंकाळचे वर्ग जेथें असतील तेथें घरांतील सून, नोकरी करणारा मुलगा किंवा सेवानिवृत्त आजोबा जाऊं शकतात. प्रश्न वयाचा किंवा फीचा फारसा नसतो. घरच्यांच्या वृत्तीचा असतो.

एकत्र कुटुंबानें काय द्यावें? प्रथम एक कोपरा, जेथें अर्धवट चित्र चार दिवस कोणी हलविणार नाहीं. पॅलेट म्हणून घेतलेलें ताट पुन्हां स्वयंपाकघरांत जाऊं देऊं नये. कांहीं रंगांत कॅडमियम किंवा कोबाल्ट यांसारखीं द्रव्यें असतात. ब्रश तत्काळ धुवावेत, पण रंगाचा गाळ मोरींत ओतूं नये; तो वाळवून कचऱ्यांत टाकावा. वाळलेला पापुद्राही उन्हाळ्याच्या उष्म्यानें मऊ होतो व धूळ धरतो. म्हणून दोन चित्रें तोंडास तोंड लावून ठेवलीं तर चिकटतात. हे सारे नियम पाळण्यास फारसे सायास पडत नाहींत.

जड जातें तें दुसरेंच. वर्गास गेलेल्या सुनेस त्या तीन तासांत दूरध्वनि करून “वरणाचा डबा कोठें ठेविला?” असें न विचारणें, मुलाच्या पहिल्या काळपट, ओबडधोबड अभ्यासचित्रांकडे पाहून “यासाठीं का फी भरली?” असें न म्हणणें, आणि पाहुण्यांपुढें चित्र मांडण्याची घाई न करणें. पहिलें वर्ष डोळे घडविण्याचें असतें. त्या वर्षांत भिंतीवर लावण्याजोगें कांहींच झालें नाहीं, तरी तें वाया गेलें असें मुळींच नव्हे. गाण्याच्या विद्यार्थ्यास वर्षभर पलटे घोटूं देणाऱ्या घरांनीं चित्राच्या विद्यार्थ्यासही तितकेंच वर्ष द्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.