‘एलेट’ : पंख असणे आणि उडणे

पंख असलेल्या प्राण्यास वा वस्तूस इंग्रजीत सामान्यतः ‘विंग्ड’ हे विशेषण लावतात. शास्त्रीय ग्रंथांत मात्र त्याच अर्थाचे ‘एलेट’ हे विशेषण आढळते. कोशात दोहोंचा अर्थ एकच दिलेला असला, तरी त्यांचे मूळ निराळे आणि कार्यक्षेत्रही निराळे. ‘विंग’ हा शब्द मध्ययुगात जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला व लोकव्यवहारात रुळला. ‘एलेट’ हा शब्द पंखवाचक ‘आला’ या लॅटिन नामापासून बनला असून तो वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र अशा शास्त्रांच्या परिभाषेतच राहिला. ग्रीक पुराणातील पेगासस हा घोडा ‘विंग्ड’ म्हटला जातो. त्यास ‘एलेट’ म्हणण्याचा प्रघात नाही.

वनस्पतिशास्त्रात हे विशेषण आकाराचे वाचक आहे. खोड, देठ, फळ वा बी यांच्या कडेने पातळ पात्यासारखी वाढ झालेली असली, की तो अवयव ‘एलेट’ होय. उडण्याशी तिचा संबंध असतोच असे नाही. पपनसाच्या पानाचा देठ दोन्ही अंगांनी पसरट असतो. तो ‘एलेट’ खरा, पण त्याला कोठे जायचे नसते. ज्या शेंगेला आपण चौधारी घेवडा म्हणतो, तिला इंग्रजीत ‘पंखांचा घेवडा’ अशा अर्थाचे नाव आहे. मराठीने जेथे धार पाहिली, तेथे इंग्रजीने पंख पाहिला. अर्जुनाच्या फळाला पाच ताठ पंख असतात, शेवग्याच्या बीला पापुद्र्यासारखे तीन. सालवृक्षाचे फळ मात्र आपल्या पाच पंखांवर गिरक्या घेत खाली उतरते. तेथे आकार आणि कार्य यांची गाठ पडते.

कीटकशास्त्रात या शब्दाला आणखी एक छटा येते. घरमाशीला पंख असूनही तिला सहसा कोणी ‘एलेट’ म्हणत नाही, कारण पंख असणे हे तिच्या जातीचे नित्य लक्षण आहे. ज्या जातीत काही कीटक सपंख व काही पंखहीन असतात, तेथेच हा शब्द उपयोगी पडतो. त्याचा विरुद्धार्थी ‘एप्टेरस’ हा शब्द ग्रीकमधून आलेला आहे. एकाच वारुळातील वाळवीपैकी कामकरी व सैनिक यांना पंख कधीच फुटत नाहीत. प्रजननक्षम नर-मादींना ते फुटतात. पावसाच्या आरंभी ते थव्याने बाहेर पडतात, थोडे अंतर उडून पंख गाळून टाकतात आणि जोडीने नवी वसाहत वसवू लागतात. बहुसंख्य तत्पूर्वीच पक्ष्यांच्या व पालींच्या भक्ष्यस्थानी पडतात. मुंगीला पंख फुटणे हे मरणाचे लक्षण मानणाऱ्या मराठी म्हणीमागेही असेच निरीक्षण असावे.

पिकांवरील माव्याच्या बाबतीत या शब्दाचे महत्त्व व्यावहारिक आहे. झाडावर गर्दी झाली किंवा रस निकृष्ट झाला, की पंखहीन माद्यांच्या पोटी सपंख पिढी जन्मते व दुसऱ्या झाडांकडे निघते. पपईवरील रिंगस्पॉट रोगाचा विषाणू अशाच सपंख माव्यामार्फत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. येथे ‘एलेट’चे भाषांतर ‘उडणारा मावा’ असे केल्यास ती एखादी स्वतंत्र जात आहे, असा शेतकऱ्याचा समज होईल. वस्तुतः कीड तीच असते. तिची अवस्था पालटलेली असते, आणि ती आता पसरणार याची ती सूचना असते.

म्हणून मराठीत या विशेषणाला सर्वत्र एकच प्रतिशब्द देणे इष्ट नाही. वनस्पतींसाठी ‘सपक्ष’ हा शब्द चांगला आहे. न्यायशास्त्रात त्याचा वेगळा पारिभाषिक अर्थ असला, तरी संदर्भामुळे घोटाळा होत नाही. कीटकांसाठी ‘सपंख’ सुबोध आहे. मात्र प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘पंख फुटलेला’ असा खुलासा जोडावा. ‘फुटलेला’ या एका पदाने अवस्थेचा बोध होतो, आणि मूळ शब्दाचे मर्म तेच आहे.