खाडीतली होडी : तळ, रुंदी आणि उलांडी

खाडीतल्या मासेमारीसाठी होडी निवडताना पहिला प्रश्न तळाचा असतो. लांबी किती, इंजिन किती अश्वशक्तीचे, किंमत काय, याची चौकशी आधी होते; पण होडी किती पाण्यात तरंगेल, चिखलावर कशी बसेल आणि जाळे ओढताना किती कलेल, हे सारे तळ ठरवतो. लेखमालेच्या या भागात इंजिनाचा विषय यायचा होता. दरम्यान विजयदुर्ग खाडीकाठच्या एका वाचकाने विचारले आहे की, घरची जुनी उलांडीची होडी मोडीत काढून सपाट तळाची फायबरची होडी घ्यावी का. याचे उत्तर इंजिनाच्या आधी यायला हवे, कारण तळ ठरल्याखेरीज इंजिन ठरत नाही. त्यामुळे इंजिन एक आठवडा पुढे गेले आहे.

खाडीत होडीला दोन गोष्टी जमाव्या लागतात : थोड्या पाण्यात चालणे आणि उभ्या माणसाला तोलून धरणे. पहिलीचा संबंध भरती-सुकतीशी आहे. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरती आणि सुकतीच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो; दक्षिणेला सरकावे तसा तो घटतो आणि गोव्यात साधारण दोन मीटरांवर येतो. म्हणून ठाणे, वसई, धरमतर या खाड्यांत सुकतीला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि होडी तासन्‌तास त्यावर बसून राहते. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत चिखल कमी, पण वाळूचे दांडे, जांभ्याचे खडक आणि कालवांची धारदार कवचे जास्त. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे उतरत नाही, तेव्हा कोणतीही होडी चालून जाते. कसोटी लागते ती उधाणाच्या सुकतीला.

सपाट तळ इथे सरस ठरतो. साडेचार मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद अशी सपाट तळाची होडी घेतली, तर तिचे पाण्याला टेकणारे क्षेत्रफळ सुमारे चार चौरस मीटर भरते. खाऱ्या पाण्यात अशी होडी दर चाळीस किलो वजनामागे एक सेंटिमीटर बुडते. होडीचे स्वतःचे दीडशे किलो, दोन माणसांचे एकशे तीस, आणि जाळे, नांगर, बर्फ, मासळी मिळून एकशे वीस किलो धरले, तर चारशे किलोंना ती जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी घेते. घोट्याच्या वर थोडेसे पाणी असले की पुरते. तेवढ्याच वजनाची, टोकदार तळाची होडी याच्या दुप्पट किंवा त्याहूनही खोल बसते आणि सुकतीला एका कुशीवर कलंडते. भरती परत आली की कधीकधी उठण्याआधी तिच्या खालच्या काठावरून पाणी आत शिरते.

सपाट तळाचे दोष मात्र विक्रेता सांगत नाही. मऊ चिखलावर तो चिकटून बसतो. पाणी चढले तरी होडी लगेच सुटत नाही, तिला दोन्ही बाजूंना हलवून चिखलाची पकड सोडवावी लागते. तळाखाली लांबीच्या दिशेने दोन-तीन उभ्या पट्ट्या असल्या तर हा त्रास बराच कमी होतो आणि खडकावर घासताना झीजही त्या पट्ट्यांवरच जाते. दुसरा दोष लाटांचा. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. त्याच वेळी सुकती लागली असेल तर बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर येऊन खाडीच्या रुंद भागात आखूड, उभ्या लाटा उठतात. सपाट तळ अशा लाटेवर आपटतो, आणि वारा बाजूने लागला तर होडी आडवी सरकत जाते. मागच्या भागाखाली छोटी खडी फळी बसवली की आडवे सरकणे आवरते. आपटणे मात्र आवरत नाही. ज्याला रोज दुपारी असा रुंद पट्टा ओलांडायचा आहे, त्याने नाळेकडे थोडा टोकदार आणि मध्यापासून मागे सपाट होत गेलेला तळ घ्यावा. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल, तर सुकतीच्या वेळी तो पार करण्याचे काम यांपैकी कोणत्याच होडीचे नाही.

दुसरी गोष्ट उभ्या माणसाची, आणि ही जास्त महत्त्वाची. पाग फेकणारा नाळेजवळ उभा राहून कमरेपासून पूर्ण वळतो आणि सारी ताकद एका फेकीत घालतो. कांडाळ ओढताना दोघे एकाच काठाशी वाकतात, आणि जाळ्याचे वजनही त्याच बाजूला पडते. बसलेल्या माणसाला जी होडी अगदी घट्ट वाटते, तीच उभ्या माणसाखाली डळमळते, कारण उभे राहताच वजनाचा मध्य वर जातो. किनाऱ्यावर होडीत बसून तिची पारख करण्याला म्हणूनच अर्थ नाही.

स्थिरतेचा मुख्य आधार रुंदी, आणि तिचा हिशेब साधा बेरजेचा नाही. पाण्याच्या पातळीवरची रुंदी वाढली की होडीचे कलण्याला विरोध करण्याचे बळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी वाढवली तर ते फक्त लांबीच्या पटीत वाढते. १.२ मीटरऐवजी १.४ मीटर रुंदी घेतली की हे बळ दीडपटीहून अधिक होते. प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा पडतो, कारण माणसे उभी राहिल्याने जी स्थिरता खर्च होते ती दोन्ही होड्यांत सारखीच असते, आणि उरते ती शिल्लक रुंद होडीत कितीतरी जास्त. वर दिलेल्या चारशे किलोंच्या हिशेबात दोघे एकाच काठाशी उभे राहिले, तर १.२ मीटरच्या होडीचा काठ पाण्यापासून काही बोटेच उरतो, १.४ मीटरच्या होडीचा काठ बराच वर राहतो. दोघांनी कांडाळ टाकायची असेल तर १.४ मीटरच्या खाली जाऊ नये. अर्धा मीटर लांबी कमी मिळाली तरी चालेल, वीस सेंटिमीटर रुंदी सोडू नये.

रुंद होडी वल्हवायला मात्र जड जाते. पाणी ढकलत जायचे तर अरुंद अंग हवे, आणि तोल सांभाळायचा तर रुंद. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने हा पेच फार पूर्वी उलांडीने सोडवला. जेमतेम पाऊण मीटर रुंदीची, कोरीव किंवा फळ्यांची होडी, तिच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्या, आणि त्यांच्या टोकाशी बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका, एवढीच ही रचना आहे. होडी सरसर चालते, कारण तिचे अंग अरुंद आहे. आणि ती उलटत नाही, कारण तोल दोन मीटर दूर ठेवलेला आहे. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांच्या बांधणीवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यात उलांडीसारख्या रचनांचा संबंध त्यांनी पूर्वेकडच्या बेटांवरच्या दर्यावर्दी लोकांशी जोडला. दोन अरुंद होड्या शेजारी बांधून केलेली सांगड हा याच विचाराचा दुसरा प्रकार. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भारताच्या किनाऱ्यावरच्या, एकाच ओंडक्यातून कोरलेल्या मोठ्या होड्या एकत्र बांधून केलेल्या नौकांची नोंद आहे.

उलांडी काम कशी करते हे नीट कळले, तर वाचकाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. ओंडका साठ लिटर आकारमानाचा, पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा आणि सुमारे वीस किलो वजनाचा आहे असे समजू. होडी उलांडीच्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पूर्ण बुडाला तर सुमारे चाळीस किलोंच्या जोराने वर ढकलतो. होडी विरुद्ध बाजूला कलली की तोच ओंडका पाण्यातून उचलला जातो आणि आपल्या वीस किलोंच्या वजनाने होडीला परत खाली खेचतो. म्हणजे उलांडी दोन्ही बाजूंना सारखा आधार देत नाही. मोकळ्या बाजूचा आधार निम्मा असतो. ओंडका होडीच्या मध्यापासून १.८ मीटर दूर असला, तर मोकळ्या बाजूला त्याचे वजन जेवढा तोल धरते तेवढा साठ-साठ किलोंची दोन माणसे मध्यापासून केवळ तीस सेंटिमीटर बाहेर वाकली की संपतो. जाळे मात्र मोकळ्या बाजूनेच ओढावे लागते, कारण दुसऱ्या बाजूला ते उलांडीत अडकते. म्हणून अशा होडीत एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने उलांडीच्या बाजूला सरकून बसायचे. ही सवय नसलेल्या माणसाला तिच्यात उभे करू नये.

जुन्या उलांडीची गोष्ट आणखी वेगळी. लाकूड वर्षानुवर्षे पाणी पिते. वीस किलोंचा ओंडका पस्तीस किलोंचा झाला, तर मोकळ्या बाजूला होडी उलट जास्तच घट्ट वाटू लागते, आणि मालक समाधानी राहतो. पण त्याच वेळी ओंडक्याचे वर ढकलण्याचे बळ चाळीसवरून पंचवीस किलोंवर उतरलेले असते. एखाद्या दिवशी दोघे चुकून उलांडीच्या बाजूला झुकतात आणि ओंडका पाण्याखाली जातो. पाण्यात तरंगणारा ओंडका निम्म्याहून जास्त बुडालेला दिसू लागला की तो बदलण्याची वेळ आली आहे.

बदलताना प्लॅस्टिकचा नळ दोन्ही तोंडे बंद करून लावण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. तो कुजत नाही, स्वस्त पडतो. १६० मिलिमीटर व्यासाच्या, तीन मीटर लांबीच्या नळाचे आकारमानही साधारण साठ लिटरच भरते. पण त्याचे वजन आठेक किलो. उलांडीच्या बाजूला तो उत्तम तरंगतो. मोकळ्या बाजूला त्याला खाली खेचायला वजनच उरत नाही. ज्या होडीत जाळे मोकळ्या बाजूने ओढायचे, तिच्यासाठी हा बदल धोक्याचा आहे. नळच लावायचा असेल तर त्यात दहा-बारा किलोंचे सागाचे दांडे घट्ट बसवून वजन लाकडी ओंडक्याइतके आणावे आणि तोंडे पक्की बंद करावीत.

फायबरबद्दल या प्रश्नाच्या संदर्भात थोडेच सांगायचे आहे. आंबा, फणस, ऐन यांचे मोठे लाकूड दुर्मीळ झाले आहे, आणि खाऱ्या पाण्यातल्या लाकडाला शिपवर्म पोखरते. हा जीव अळीसारखा दिसतो, पण शिंपल्यांच्या कुळातला आहे. फायबरला तो लागत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्यकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर फायबरचे आवरण चढवून छोट्या होड्या तयार केल्या, त्या याच दोन अडचणींवरचा उपाय म्हणून. फायबरची खरी उणीव निराळी आहे. लाकडी होडी पाण्याने भरली तरी काठोकाठ तरंगत राहते. फायबर पाण्यापेक्षा जड असल्याने भरलेली होडी तळाला जाते. बैठकींखाली हवाबंद कप्पे किंवा फोम भरलेला नसेल तर अशी होडी किमतीत कितीही परवडली तरी घेऊ नये. कप्पे आहेत हे विक्रेत्याच्या शब्दावर मानू नये. गुडघाभर पाण्यात होडी बादल्यांनी भरून पाहावी.

कायद्याचा एक मुद्दाही तळाशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते. वल्ह्यांवर चालणाऱ्या बिगर यांत्रिक होडीला ती लागू होत नाही. ज्याचे पोट जून-जुलैतही खाडीवर आहे, त्याला सहज वल्हवता येणारे अरुंद अंग उपयोगाचे. १.४ मीटर रुंदीची सपाट होडी पावसाळ्यात पुराचे पाणी उतरत असताना नुसत्या वल्ह्यांवर वर चढवणे दोन माणसांच्याही आवाक्याबाहेर जाते.

विजयदुर्गच्या वाचकाने जाळ्याचा प्रकार कळवलेला नाही, आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. गळ टाकणे, एकट्याने हलकी कांडाळ लावणे आणि वल्ह्यांवर फिरणे एवढे काम असेल, आणि होडीचे अंग शाबूत असेल, तर होडी मोडू नये. नवा ओंडका आणि नव्या काठ्या लावाव्यात. खर्च नव्या होडीच्या मानाने अगदी किरकोळ येतो. दोघांनी उभे राहून लांब कांडाळ ओढायची असेल किंवा पाग फेकायचा असेल, तर उलांडी त्या कामाची नाही. तिथे १.४ मीटर रुंद, तळाला पट्ट्या असलेली, हवाबंद कप्प्यांची सपाट होडीच घ्यावी. अशी होडी पाहायला जाताना दोन माणसे बरोबर न्यावीत. ती पाण्यात उतरवून, नेहमीइतके वजन भरून, दोघांना एकाच काठाशी उभे करावे. काठ आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर उरत नसेल तर इसार देऊ नये.