शाडूची धूळ आणि श्रावणातली दाढी

आषाढ सरत आला की लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत घासकामाला जोर येतो. साच्यातून निघालेल्या प्लास्टरच्या मूर्तीचे सांधे भरायचे, बाहेर डोकावणारा काथ्या कापायचा आणि मग पॉलिश पेपर घेऊन बसायचं. आधी जाड नंबरचा, मग बारीक. सोंडेच्या वळणात कागदाची सुरळी करून, बोटांच्या बेचक्यात घडी घालून. पावसाची झड आत येऊ नये म्हणून मंडपाला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधलेली असते, त्यामुळे धुळीलाही बाहेर जायला वाट नाही. अर्ध्या तासात पोरांच्या पापण्या पांढऱ्या होतात. तोंडाला बहुतेकांच्या रुमाल, एखाद्याला निळा सर्जिकल मास्क, तोही बहुधा हनुवटीवर.

या प्लास्टर ऑफ पॅरिसवरून, म्हणजे पीओपीवरून, गेली काही वर्षं रणकंदन चालू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जून 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण समुद्र-तलावांत परस्पर विसर्जन नको, असं बजावलं. हा सगळा वाद पाण्याचा आहे आणि तो व्हायलाच हवा. मात्र विसर्जनाच्या कितीतरी आधी, मूर्ती घडताना जे हवेत जातं आणि तिथून कारागिराच्या छातीत, त्याचा हिशेब या वादात कुठेच नाही. तो मांडायला घेतला की ‘पीओपी वाईट, शाडू चांगली’ हे समीकरण चक्क उलटं फिरतं.

प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की जिप्सममधलं बरंचसं पाणी उडतं, पावडर उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती घट्ट होऊन परत जिप्सम बनते. म्हणजे घासताना उडते ती मुख्यतः जिप्समची धूळ. तिने नाक चोंदतं, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. पण जिप्सम पाण्यात थोडं तरी विरघळतं, लिटरमागे साधारण दोन ग्रॅम, त्यामुळे फुप्फुसात शिरलेले कण शरीर हळूहळू निस्तरू शकतं. शाडूची गोष्ट वेगळी. कुठल्याही नैसर्गिक मातीत असतो तसा शाडूतही कमी-अधिक क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असतो. तो विरघळत नाही. फुप्फुसातल्या सफाई कामगार पेशी हे कण गिळतात, पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते, तीही मरते. या चक्रात फुप्फुसाचा मऊ भाग वण पडून निबर होत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर इलाज नाही आणि धुळीचं काम सोडल्यावरही तो पुढे सरकत राहू शकतो. अशा फुप्फुसात क्षय लवकर ठाण मांडतो. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या या भागात हे वेगळं सांगायला नको. 1997मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवली.

फरक किती, ते एकाच संस्थेचे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं. अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार फुप्फुसाच्या तळाशी पोहोचेल इतकी बारीक प्लास्टरची धूळ घनमीटर हवेत 5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. सिलिकाची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम. शंभरपट फरक! दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत ही मर्यादा गाठायला जेमतेम दीड मिलिग्रॅम सिलिका पुरे, म्हणजे वजनाने मिठाचे वीस-पंचवीस दाणे.

याचा अर्थ शाडू टाळा असा नाही. शाडूचं काम ओलं असतं. लगदा मळायचा, हाताने थापायचा, ओल्या ब्रशने अंग गुळगुळीत करायचं. माती ओली आहे तोवर धूळ नाहीच. धोका सुरू होतो तो मूर्ती वाळल्यावर राहिलेला खडबडीतपणा कागदाने कोरडाच घासला की, आणि संध्याकाळी वाळलेला चुरा खराट्याने झाडला की. निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा वर्षानुवर्षं शाडूत घडतो, तेव्हा एवढ्या मोठ्या कामातही शाडू चालते हे उघड आहे. पर्यावरणाच्या कौतुकात शाडूकडे वळणाऱ्या नव्या कारखानदारांना मात्र कोणीतरी सांगायला हवं, की पीओपीची कोरडी घासायची सवय इकडे आणू नका. स्पंज आणि पाण्याची बादली हे कुठल्याही मास्कपेक्षा वरचढ साधन आहे.

लालबागच्या मसाला बाजारात मिरची कुटत असतील तर रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. मिरचीचा खकाणा आपली वर्दी आधी देतो, माणूस आपोआप तोंड झाकतो. सिलिका काहीच सांगत नाही. वास नाही, चव नाही, लगेच खोकलाही नाही. घातक कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत. किरणाच्या झोतात नाचताना दिसते ती जाडी धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडकते. साधारण चार-पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण खोल उतरतात. शांत हवेत डोक्याच्या उंचीवरून 10 मायक्रॉनचा कण तीनेक मिनिटांत जमिनीवर येतो, 1 मायक्रॉनच्या कणाला चार तासांहून जास्त लागतात. काम थांबवून तिथेच डबा खाल्ला, तर जेवणाबरोबर काय काय आत जातं ते यावरून ओळखावं.

लालबाग-परळच्या या गिरणगावाला धुळीचं हे शहाणपण फार महागात मिळालेलं आहे. कापड गिरण्यांच्या ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यातल्या कामगारांची छाती रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की आवळायची. कापसाच्या धुळीने होणारा हा बिसिनोसिस फॅक्टरी अ‍ॅक्टच्या अनुसूचीत सिलिकोसिसच्याच यादीत होता, म्हणजे डॉक्टरने तो सरकारला कळवणं बंधनकारक होतं. त्या खात्यांतही तोंडाला रुमालच असायचा. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, पण रुमाल काही हटला नाही.

रुमाल निकामी का, हे कळायला गाळणी कशी चालते ते पाहावं लागतं. मास्क म्हणजे बारीक भोकांची चाळणी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एन95च्या धाग्यांमधल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. जड कणांना हवेबरोबर वळण घेता येत नाही, ते धाग्यावर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठे ना कुठे चिकटतात. सगळ्यात निसटता असतो तो मधला, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणून मास्कची परीक्षा त्याच्यावरच घेतात. त्याला पकडायला धाग्यांवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो. एन95 साबणाने धुतला किंवा सॅनिटायझरने पुसला की हा भार जातो आणि मास्क दिसतो तसाच राहून आतून लुळा पडतो. रुमालाला असा भार नसतोच, आणि कडेने हवा मोकळी.

नागदेवी स्ट्रीटवर मास्क मागितला की दुकानदार आधी ‘कितीवाला?’ विचारतो. विचारणाऱ्याने उलट विचारावं, ‘आयएस 9473 लिहिलंय का?’ या भारतीय मानकात एफएफपी1, 2 आणि 3 अशा पायऱ्या आहेत. एफएफपी2ची गाळणी साधारण 94 टक्के कण अडवते, म्हणजे एन95च्या जवळपास. घासकामाला यापेक्षा खालचं घेऊ नये. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे बरे, कारण खरी लढाई गाळणीपाशी नसून कडेपाशी आहे. 95 टक्के गाळणारा मास्कसुद्धा चेहऱ्यावर नीट बसला तरच धूळ दहावा हिस्सा होईल, एवढंच गृहीत धरतात.

इथे आपल्या पंचांगाची एक गंमत आडवी येते. घासकामाचा कळस श्रावणात, आणि श्रावणात अनेकजण दाढी करत नाहीत. दोन दिवसांचे खुंटसुद्धा मास्कची कड चेहऱ्यापासून उचलून धरतात, महिन्याच्या दाढीत तर हवेला राजमार्गच मिळतो. व्रत मोडा म्हणण्याचा मला अधिकार नाही. अशा कारागिराला ओलं काम द्यावं, डोळ्यांच्या आखणीला बसवावं, किंवा पंख्याने गाळलेली हवा डोक्यावरच्या सैल टोपात सोडणारं यंत्र द्यावं. ते दाढीवरही चालतं, पण महाग असतं आणि आपल्या कारखान्यांत मी तरी पाहिलेलं नाही.

डोळ्यांचं प्रकरण निराळं. तोंडासमोर पारदर्शक शील्ड लावलं की सगळं झाकलं, असं वाटतं, पण बारीक धूळ खालून आणि बाजूंनी सहज आत येते. पीओपीसाठी चारी बाजूंनी बसणारा गॉगल हवा. शील्डचा खरा उपयोग ग्राइंडरपाशी. खेतवाडीतल्यासारख्या उंच मूर्तींच्या आतला लोखंडी सांगाडा कापताना चार इंची चकती मिनिटाला 11 हजार फेरे घेते, तेव्हा तिच्या काठाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात जातो. तुटलेला तुकडा त्याच वेगाने सुटतो. तिथे आत गॉगल, वर शील्ड. एकावर भागत नाही.

रंगकामाला मात्र हा सगळा संच पुरत नाही. स्प्रेच्या रंगातलं थिनर वाफ होऊन हवेत पसरतं. एन95मधून ते आरपार जातं. त्याला सक्रिय कोळशाचे डबे लावलेला रबरी हाफ मास्क हवा, वर धुळीची गाळणी. मास्कच्या आत थिनरचा वास आला की डबा संपला किंवा कड सैल आहे. पण वासाची वाट न पाहता डबे ठरल्या वेळी बदललेले बरे, कारण नाक फार लवकर सरावतं.

आणि तो टेबल फॅन. उकडतं म्हणून तो कारागिराच्या पाठीमागे ठेवतात. पाठीवर आपटलेल्या वाऱ्याचा भोवरा छातीसमोर तयार होतो आणि मूर्तीवरची धूळ थेट नाकाशी ओढून आणतो. पंखा बाजूला ठेवावा, वारा मूर्ती आणि माणूस यांच्यामधून आडवा जाऊ द्यावा, आणि ज्या दिशेला तो जाईल तिकडची ताडपत्री वर गुंडाळावी. तिकडे दुसरा कोणी घासत बसलेला नाही, एवढं पाहून.