दोन गाड्यांमधली मोकळी जागा

रोलरकोस्टरच्या गाडीला वेग उंचीतून कसा मिळतो, ते मागच्या आठवड्यात पाहिले. एकाच रुळावर तीन-चार गाड्या धावू लागल्या की प्रश्न बदलतो. मागची गाडी पुढचीवर आदळणार नाही, हे कशाच्या भरवशावर म्हणायचे? ख्रिस सॉयर यांच्या, १९९९ साली सुरू झालेल्या ‘रोलरकोस्टर टायकून’ या संगणकीय खेळमालिकेत याची दोन उत्तरे सापडतात. एक वेळेचे: स्थानकात किमान अमुक सेकंद थांबून मगच गाडी सोडायची. दुसरे जागेचे: मार्गाचे खंड पाडायचे, खंडाच्या शेवटी ब्लॉक ब्रेक बसवायचा आणि पुढचा खंड रिकामा झाल्याशिवाय गाडीला वाट द्यायची नाही. यातले पहिले उत्तर म्हणजे केवळ अंदाज आहे, असे माझे ठाम मत आहे.

सेकंद मोजून राखलेले अंतर सगळे सुरळीत चालेल हे गृहीत धरते. खेळातला साधा ब्रेक ठरवून दिलेल्या वेगापर्यंतच गाडी मंद करतो. पुढे कोण उभे आहे हे त्याला कळत नाही. त्यात स्थानकाचे ब्रेक निकामी झाले की आत येणारी गाडी उभ्या गाडीवर जाऊन आदळते आणि प्रवासी दगावतात. खंड-पद्धतीत हाच बिघाड झाला तरी मागची गाडी स्थानकाबाहेरच्या ब्लॉक ब्रेकवर आधीच रोखलेली असते. रेल्वेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ चढावर अडकलेल्या सहलगाडीचे डबे सोडवून ठेवले होते. ते मागे घरंगळले आणि ठरावीक मिनिटांनी सोडलेल्या, मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे गेली. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा करून प्रवासी मार्गांवर खंड-पद्धत सक्तीची करण्याची तरतूद केली.

खंडांमुळे गाड्या खोळंबतात आणि तासाला कमी माणसे बसतात, हा आक्षेप रास्त वाटतो. गाड्या खंडांपेक्षा किमान एकीने कमी ठेवाव्या लागतात, हेही खरे. पण खोळंबा होतो तो सर्वांत लांब खंडामुळे. तो पार करायला ७० सेकंद लागत असतील, तर ५० सेकंदांनी गाडी सोडून काहीच साधत नाही. त्याच खंडात आणखी एक ब्रेक योग्य जागी, म्हणजे पुढे उतार असेल तिथे, बसवला की सुरक्षितता तशीच राहून गर्दी लवकर हलते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खंड-पद्धत असूनही अपघात झालेच ना? झाले. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील अल्टन टॉवर्स उद्यानातल्या ‘स्मायलर’ या रोलरकोस्टरवर एक रिकामी गाडी वाटेत अडकली होती. नियंत्रण यंत्रणेने मागची भरलेली गाडी बरोबर थांबवली होती. इशारा चुकीचा आहे असे समजून तंत्रज्ञांनी तो बाजूला सारला आणि गाडी पुढे सोडली. १६ जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. म्हणजे नियम तुटला नव्हता, माणसांनी तो ओलांडला होता. खेळात भरलेल्या खंडात गाडी ढकलण्याची मुभाच नसते, त्यामुळे तिथे ही पद्धत अभेद्य भासते. खऱ्या उद्यानात मात्र यंत्रणेने रोखलेली गाडी कोण सोडू शकतो आणि त्याआधी रूळ डोळ्यांनी कोणी पाहायचा, हे ब्रेकइतकेच काटेकोर ठरवावे लागते. त्या कार्यपद्धतीविषयी पुढच्या आठवड्यात.