बादलीत पकडलेली हवा

हवेचा नमुना घेण्याचा कॅनिस्टर म्हणजे गोल पोटाचा पोलादी डबा, बहुधा सहा लिटरचा. वायू चिकटू नयेत म्हणून तो आतून गुळगुळीत केलेला असतो. आतली हवा प्रयोगशाळेतच उपसून काढलेली असते. जागेवर झडप उघडली की बाहेरची हवा आपोआप आत शिरते. ना पंप लागतो, ना वीज. तोंडाशी नियंत्रक लावला तर डबा चोवीस तास घोट घोट हवा पितो. मग प्रयोगशाळेत बेंझिन, टोल्युइन वगैरे वेगवेगळे ओळखता येतात. अमोनिया मात्र या डब्याच्या आवाक्याबाहेरचा. त्याची मोजणी निराळी.

पण चोवीस तासांच्या सरासरीत रात्री दोन वाजताची दुर्गंधी विरून जाते. आपल्याकडे २००९ च्या मानकांत बेंझिनची मर्यादाच मुळी वार्षिक सरासरीची आहे: घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. झोपेतून उठून खोकणाऱ्या माणसाला वर्षाची सरासरी काय कामाची?

यावर १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तोड निघाली ती साध्या प्लॅस्टिकच्या बादलीची. बादलीत खास पिशवी टांगायची, झाकण घट्ट लावायचे आणि बादलीतली हवा ओढून घ्यायची. पिशवीचे तोंड बाहेर उघडलेले असल्याने ती काही मिनिटांत फुगते. २००४ मध्ये चेन्नईच्या कार्यकर्त्यांनी ही बादली दक्षिणेकडच्या कडलूरला, सिपकॉट औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावांत नेली. वास आला की गावकरीच नमुना घेत. पिशव्या तपासायला थेट अमेरिकेत जात, कारण अशी तपासणी इथे सहज मिळत नव्हती. अहवालात कर्करोगकारक रसायनेही निघाली.

मला त्या बादलीइतकीच गावकऱ्यांची वही मोलाची वाटते. कुजलेली अंडी, सडका कोबी, नेलपॉलिश अशा रोजच्या शब्दांत तिथल्या लोकांनी वासांच्या नोंदी ठेवल्या. नाक केव्हा जागे झाले हे कळल्याशिवाय डबा केव्हा उघडायचा हे कसे कळणार? आणि वास वेळ सांगून येत नाही: चेन्नईतच २६ डिसेंबर २०२३ ला एन्नोरला अमोनियाची गळती झाली, तीही मध्यरात्रीच्या सुमारास.

कारखान्यांशेजारच्या माहुल, डोंबिवली, तळोजा इथल्या वाचकांनी निदान वही तरी ठेवावी: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कशासारखा.