जुन्या ट्रकच्या टाकीत काय जाते, छातीत काय उतरते?

कापसाचा हंगाम सुरू झाला की घाटंजी परिसरातील रस्त्यांवर मालवाहू गाड्यांची वर्दळ वाढते. खेड्यांतून जिनिंगकडे कापूस जातो आणि जिनिंगमधून गाठी व सरकी बाहेरगावी निघते. यात अनेक वर्षे चाललेले जुने ट्रकही असतात. अशा गाडीच्या मालकाला दोन प्रश्न हमखास पडतात. नव्या ‘बीएस-६’ डिझेलने जुने इंजिन खराब होते का? आणि बाहेर स्वस्तात मिळणारे ‘बायोडिझेल’ टाकले तर काय बिघडते? हे प्रश्न इंजिनाचे वाटतात, पण चालक, क्लीनर, हमाल आणि रस्त्याकडेला राहणाऱ्या लोकांच्या फुप्फुसांशीही त्यांचा तितकाच संबंध आहे.

गंधकाचा हिशेब

डिझेलच्या जुन्या-नव्या प्रतींमधला सर्वांत मोठा फरक गंधकाचा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे १०० लिटरच्या टाकीत साधारण ८०० ग्रॅम! पुढे ‘बीएस-३’मध्ये ही मर्यादा दहा लाख भागांत ३५० भागांवर आली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ‘बीएस-४’ लागू झाले, तेव्हा ती ५० झाली. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ आले आणि मर्यादा १० वर आली. आज १०० लिटर डिझेलमध्ये गंधक एका ग्रॅमपेक्षाही कमी असते. अधिकृत पंपावर आता हेच डिझेल मिळते. जुन्या गाडीसाठी वेगळे आणि नव्या गाडीसाठी वेगळे, असे नसते.

गंधक जळले की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका त्याने आवळल्या जातात. त्याचा काही भाग हवेत सूक्ष्म कणांचे रूप घेतो. गंधक कमी झाले की हा त्रास थेट कमी होतो, गाडी नवी असो वा जुनी.

जुन्या इंजिनाला धोका आहे का?

गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा वंगणगुण कमी होतो, हे खरे आहे. जुन्या डिझेल पंपाचे भाग डिझेलनेच ओले राहतात, म्हणून ही शंका येते. पण वंगणगुणाची ठरावीक पातळी राखणे मानकानुसार बंधनकारक आहे आणि त्यासाठी आवश्यक ते रसायन आधीच मिसळले जाते. त्यामुळे मालकाने वरून इंजिन ऑइल ओतण्याची गरज नाही. काही जुन्या गाड्यांत रबरी सील आणि नळ्या आक्रसून गळती सुरू होऊ शकते. तसे झाल्यास त्या बदलून घ्याव्यात, खर्च फार नसतो.

जादा दराच्या ‘प्रीमियम’ डिझेलमध्ये नोझल स्वच्छ ठेवणारी व ज्वलन सुधारणारी रसायने असतात. ते घातक नाही, पण घासलेल्या इंजिनावरचा उपायही नाही. ‘ई-२०’ची चर्चा पेट्रोलपुरती आहे, डिझेलशी तिचा संबंध नाही. नव्या ट्रकला लागणारे युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरायचे असते. जुन्या ट्रकला ते लागतच नाही. डिझेलच्या टाकीत ते चुकूनही ओतू नये.

बायोडिझेल खरे आणि खोटे

खरे बायोडिझेल वनस्पती तेलावर किंवा वापरलेल्या खाद्यतेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बनते. त्याचे मानक ठरलेले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सरकीचे तेल नुसते गाळून टाकीत ओतणे म्हणजे बायोडिझेल नव्हे. ते दाट असते, नोझलमधून त्याची नीट फवारणी होत नाही आणि अर्धवट जळून काजळी साचते.

बायोडिझेलच्या नावाखाली टँकरमधून किंवा ड्रममधून विकले जाणारे बेनामी द्रव ही तर वेगळीच गोष्ट. त्यात औद्योगिक तेल, रॉकेल, सॉल्व्हंट काहीही असू शकते. रॉकेल पातळ असल्याने पंप लवकर घासतो. वापरलेले इंजिन ऑइल मिसळले तर त्यातील धातू आणि राखही धुरात येते. लिटरमागे वाचलेले पैसे पुढे पंप आणि नोझलच्या कामात जातात, आणि गंधक किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

पंपावर शंका आली तर डिझेलची घनता तपासून दाखवण्याची आणि पाच लिटरच्या मापाने मोजून देण्याची मागणी करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो वापरावा.

धूर शरीरात काय करतो?

चांगले डिझेल भरले म्हणून जुना ट्रक निर्धोक होत नाही. नव्या ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, जुन्यात ती नसते. काजळीचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा, दीर्घकालीन श्वासरोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. खाणीत डिझेल यंत्रांसोबत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांच्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा होता. विडी ओढणाऱ्या चालकासाठी हे दुहेरी संकट आहे.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि नोझल तपासावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरले आहे. माल चढवताना आणि रांगेत थांबताना इंजिन बंद ठेवावे. त्याचा सर्वाधिक फायदा हमालाला होतो. सरकी आणि कापसाची धूळ त्याच्या छातीत आधीच जात असते.

तीन सवयी आजच सोडा

तोंडाने नळी ओढून डिझेल काढणे सर्वांत धोकादायक. घोटभर डिझेल श्वासनलिकेत गेले तरी काही तासांत खोकला, धाप आणि ताप येऊन गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. डिझेल पोटात गेले तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. उलटीतून तेच डिझेल फुप्फुसात शिरते. थेट रुग्णालय गाठावे. डिझेल काढायला हातपंप वापरावा.

नोझलची फवारणी हाताने तपासणे ही दुसरी सवय. प्रचंड दाबाचे डिझेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतल्या ऊती सडू लागतात. ही शस्त्रक्रियेची तातडी असते. उद्यावर टाकल्यास बोट गमवावे लागू शकते. तिसरी सवय डिझेलने हात धुण्याची. त्याने कातडी फाटते, खाज आणि इसब होते. साबण आणि पाणी पुरेसे आहे.

चालक, क्लीनर, हमाल किंवा मिस्त्री यांपैकी कोणालाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ‘धुरामुळे होतो’ म्हणून तो अंगावर काढू नये. आधी सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही याची खात्री करावी. ती मोफत होते. चढावर किंवा ओझे उचलताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागत असेल तर फुप्फुसांची क्षमता मोजून घ्यावी. फुंकर मारून होणारी ही तपासणी काही मिनिटांची आहे, आणि आजार लवकर कळला तर औषधाने आणि विडी सोडल्याने पुढची हानी बरीच रोखता येते.