ग्रंथसूची, वर्णक्रम आणि डेटाबेसची मांडणी

छापील ग्रंथसूचीत कोणती नोंद कोणत्या नोंदीनंतर यावी, याचा निर्णय सूचिकार स्वतः करीत असे. सूची डेटाबेसमध्ये गेली की हा निर्णय संगणकावरील प्रणालींची प्राथमिक मांडणी करतानाच होऊन जातो, आणि पुष्कळदा तो कोणी जाणीवपूर्वक घेतलेलाच नसतो. म्हणून ही मांडणी सर्वस्वी तंत्रज्ञावर सोपविण्याजोगी नव्हे. तिच्यातील काही स्थळे भाषेच्या अभ्यासकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवण्याची कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आज अशा कोष्टकांतील माहिती बहुधा एसक्यूएल या भाषेतून मागविली जाते. या व्यवस्थेत तीन घटक असतात : कोष्टके सांभाळणारा सर्व्हर, उदाहरणार्थ पोस्टग्रेएसक्यूएल, प्रोग्रॅम लिहिण्याची व चालविण्याची भाषा, उदाहरणार्थ पायथॉन, आणि या दोहोंमधील दुभाषी, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. हे तिन्ही बसविल्यावर प्रोग्रॅमला सर्व्हरचा पत्ता, पोर्टचा क्रमांक (पोस्टग्रेएसक्यूएलच्या बाबतीत सामान्यतः ५४३२), डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द पुरवावा लागतो. परवलीचा शब्द प्रोग्रॅमच्या मजकुरात न लिहिता वेगळा ठेवावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे यांत्रिक भाग बव्हंशी संपतो.

खरा प्रश्न त्यानंतरचा. डेटाबेस निर्माण करताना अक्षरांचा संकेत यूटीएफ-८ हाच असल्याची खात्री करावी. त्यामुळे मराठी, तमिळ, उर्दू अशा नोंदी एकाच कोष्टकात नांदू शकतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हा संकेत मागाहून बदलता येत नाही. नवा डेटाबेस निर्माण करून सर्व माहिती त्यात पुन्हा भरावी लागते.

दुसरा निर्णय क्रमाचा. युनिकोडच्या देवनागरी विभागात ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर व ‘व’पूर्वी आहे, मराठी वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. क्रम केवळ संकेतांकांवर सोपविला, तर शि. म. परांजपे यांचे १८९८ मध्ये निघालेले ‘काळ’ हे ‘काव्येतिहाससंग्रहा’च्या आधी बसते; मराठी क्रमाने ते नंतर यावयास हवे. ‘क्ष’ची गोष्ट अशीच. संस्कृत कोशांत तो ‘क’च्या जोडाक्षरांत येतो, मराठी वर्णमाला त्याला अखेरीस स्थान देते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचे भाषानिहाय क्रम वापरता येतात, आणि ते प्रत्येक स्तंभाला वेगळे नेमता येतात. बहुभाषिक सूचीच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. मात्र ती मागितल्यावाचून मिळत नाही.

तिसरे स्थळ शोधाचे. ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी टंकित होतो : एक, ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, दुसरा, र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साह्याने. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे एकच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द असतात. एकाचा शोध घेतल्यास दुसरे हाती लागत नाही. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही हा भेद मिटत नाही. त्यासाठी नोंद कोष्टकात जाण्यापूर्वीच तिचे एक रूप करणारा नियम प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो. उलट, अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून सरसकट गाळली, तर ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाक्याचा गुरू बनतो. पाठचिकित्सकाला ही चूक नवी नाही. फक्त येथे ती लेखनिकाच्या हातून न होता नियमाच्या हातून, सर्व नोंदींत एकाच वेळी होते.

तात्पर्य, हजारो नोंदी भरण्यापूर्वी ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ऱ’ असलेल्या मोजक्या नोंदी भरून क्रम व शोध यांची परीक्षा घ्यावी आणि स्वीकारलेले नियम सूचीच्या प्रस्तावनेत नमूद करावेत. कोणत्या क्रमाने व कोणत्या रूपाने शोधावे हे ठाऊक नसलेल्या वाचकाला सूचीत असलेला ग्रंथही नसल्यासारखाच असतो.